हजला चिकलठाण्याहून जायचे की मुंबईहून? ८८ हजारांचा प्रश्न

हजच्या अर्जात पासपोर्ट क्रमांक, बँकेचे खाते, वारसदाराचे नाव हे सगळे पाच मिनिटांत भरून होते. मग येतो तो रकाना: रवानगीचे ठिकाण. इथे घरात वाद सुरू होतो. अब्बा म्हणतात औरंगाबाद, मुलगा म्हणतो मुंबई, आणि अम्मी म्हणतात, "अल्लाह जिथून नेईल तिथून जाऊ, पण गुडघ्याचे काय?" मोहल्ल्यातल्या लोकांचे अर्ज मी बरीच वर्षे भरून देतो. हा वाद मी दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी लोक तो भावनेवर सोडवतात. या वेळी जरा हिशोबाने बोलू.

आधी २०२३ ची गोष्ट आठवा, कारण तेव्हापासूनच हा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला. त्या वर्षी हज कमिटीने अंतिम रक्कम जाहीर केली तेव्हा मुंबईहून जाणाऱ्याला सुमारे ३ लाख ५ हजार रुपये पडत होते. नागपूरहून जाणाऱ्याला सुमारे ३ लाख ६७ हजार आणि औरंगाबादहून (म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून) सुमारे ३ लाख ९३ हजार. मक्का तेच, मदिना तेच, मिनातला तंबूही तोच. फरक फक्त विमानात कुठे बसलात याचा, आणि तो माणशी ८८ हजारांचा. नवरा-बायको असतील तर पावणेदोन लाखाच्या वर. मराठवाड्यातल्या किती घरांत एवढी रक्कम वर्षभरात बाजूला पडते, हे मी सांगायला नको.

लोक विचारतात, चिकलठाण्याहून जिद्दा काही मुंबईपेक्षा एवढे दूर नाही, मग भाडे एवढे जास्त का? प्रश्न बरोबर आहे. पण हजचे विमान म्हणजे रोजचे विमान नव्हे, ते लग्नाच्या भाड्याच्या गाडीसारखे असते. वऱ्हाड सोडून गाडी रिकामी परत येते आणि त्या रिकाम्या फेरीचे डिझेलही आपल्याच बिलात लागते. जाण्याच्या दिवसांत विमान हाजींना सोडून जवळजवळ रिकामे परतते, येण्याच्या दिवसांत रिकामे जाऊन भरून येते. एका हाजीमागे चार उड्डाणे. परतताना त्यात जमजमचे पाणी भरून आधीच इथे आणून ठेवतात, तेवढाच त्या फेरीचा उपयोग.

आता मुंबईहून हजारो हाजी जातात. तिथे मोठी रुंद विमाने येतात, विमान कंपन्यांची चढाओढ असते, बोली खाली येते. चिकलठाण्याची धावपट्टी सुमारे ९,३०० फुटांची. ती वाढवायची, त्यासाठी जमीन घ्यायची, हे आपण वर्षानुवर्षे ऐकतोय. इथे येतात ती लहान विमाने, आणि प्रवासीही मोजके. प्रत्येक ठिकाणाचे भाडे वेगळ्या बोलीने ठरत असेल तर जिथे प्रवासी कमी आणि कंपनी एकच, तिथे ते चढणारच. यात कोणी मराठवाड्याचा राग काढला असे मला वाटत नाही. पण परिणाम मात्र तसाच होतो.

हे फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. केरळमध्ये कोझिकोडचे करिपूर विमानतळ पहा. मलबारचे हाजी पिढ्यान्‌पिढ्या तिथून जातात. ७ ऑगस्ट २०२० रोजी तिथे टेकडीवरच्या धावपट्टीवरून विमान घसरून खाली कोसळले आणि २१ जण गेले. त्यानंतर मोठ्या विमानांना तिथे बंदी आली. २०२४ मध्ये हजचे भाडे जाहीर झाले तेव्हा करिपूरहून सुमारे १ लाख ६५ हजार आणि जवळच्याच कण्णूर व कोचीहून त्याच्या निम्म्याच्या आसपास! आरडाओरड झाली, काही हजार कमी झाले, तरी फरक राहिलाच. लोकांनी काय केले? जमेल त्यांनी कण्णूर धरले. भावना करिपूरशी, पैसे कण्णूरला.

काही बुजुर्ग म्हणतात, सबसिडी होती तेव्हा हे कळत नव्हते. त्यांचे म्हणणे खरे आहे. ती होती तोपर्यंत छोट्या विमानतळाचे जास्तीचे भाडे त्या अनुदानात दडून जायचे. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सबसिडी दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले, सरकारने जानेवारी २०१८ मध्येच ती संपवली. आपल्यातल्या अनेकांनी त्याचे स्वागतच केले होते, कारण हज ज्याची ऐपत आहे त्याच्यावर फर्ज आहे आणि अनुदानाचा फायदा हाजीपेक्षा विमान कंपनीलाच जास्त होतो, असे बोलले जायचे. मीही तेच म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पण सबसिडी गेल्यावर दोन विमानतळांतला फरक उघडा पडला आणि तो थेट हाजीच्या खिशावर आला. त्याच वर्षी महागड्या ठिकाणच्या हाजींना जवळचे स्वस्त ठिकाण निवडायची मुभा मिळाली: औरंगाबाद, नागपूरवाल्यांना मुंबई, श्रीनगरवाल्यांना दिल्ली, गयावाल्यांना कोलकाता. तो वादाचा रकाना तिथूनच आला.

आता घरचा हिशोब. औरंगाबाद ते मुंबई रस्त्याने साधारण ३३५ किलोमीटर. मोठी गाडी भाड्याने घेतली तर जाऊन-येऊन, टोल आणि ड्रायव्हरचे जेवण धरून पंधरा-सोळा हजार. हाजीला सोडायला एकदा आणि आणायला एकदा, म्हणजे तीस-बत्तीस हजार. वर एक-दोन रात्रींचा मुक्काम. देवगिरी एक्सप्रेसने गेलात तर याच्या निम्मेही लागणार नाहीत. म्हणजे दोघे जाणार असतील आणि भाड्यातला फरक माणशी पंधरा-वीस हजारांपर्यंत असेल, तर मी डोळे झाकून चिकलठाणा म्हणेन. त्याच्या वर गेला की मुंबई. २०२३ सारखा ८८ हजारांचा फरक असेल तर विचार करायचे कारणच नाही, मग कोणी कितीही म्हणो की "आपल्या शहरातून जाण्याची शान वेगळी".

नागपूरचे गणित वेगळे. तिथून मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर, सबंध रात्र. सत्तरीच्या माणसाला एवढा प्रवास करून लगेच हज हाऊसच्या रांगेत उभे करणे म्हणजे हजच्या आधीच अर्धी ताकद संपवणे. अशा घराने तीस-चाळीस हजार जास्त देऊन नागपूर धरले तर मी त्यांना उधळे म्हणणार नाही. आणि नांदेड, देगलूर, उदगीरकडच्यांनी नकाशा नीट बघावा. त्यांना मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ आहे. त्या वर्षीच्या यादीत तो पर्याय आपल्याला मिळतो का, तेवढे तपासावे.

पैशांखेरीज एक गोष्ट लोक विसरतात. हजची विमाने दोन टप्प्यांत जातात. पहिल्या टप्प्यातली आधी मदिनेला उतरतात, दुसऱ्यातली थेट जिद्दाला. मदिनेला जाणारा साध्या कपड्यांत निघतो आणि एहराम नंतर जुल-हुलैफाला बांधतो. जिद्दाला जाणाऱ्याला मीकात विमानातच लागते, म्हणून तो बहुधा इथूनच एहराममध्ये निघतो. मुंबईचा उकाडा, रांगा, त्यात एहराम आणि त्याची बंधने. तेव्हा ठिकाण निवडताना ते कोणत्या टप्प्यात येते आहे हे कळले तर जरूर बघा. साखरेच्या पेशंटला याचा फार फरक पडतो.

छोट्या विमानतळाची बाजू मी कमी लेखत नाही. एका वर्षी आमच्या गल्लीतल्या एका खालाजानला सोडायला चिकलठाण्याला साठेक माणसे आली होती. त्यातल्या निम्म्यांशी त्यांचे जुने रुसवेफुगवे होते. त्या प्रत्येकाला धरून माफी मागत होत्या. मुंबईला यातले पाचसहाच जण गेले असते. हजला जाण्याआधी हक्क माफ करून घेणे हा आपल्याकडे केवळ रिवाज नाही, दीनचा भाग आहे. त्याची किंमत रुपयांत कशी लावणार? (अर्थात माफी घरी बसूनही मागता येते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, पण खालाजानला सांगायची हिंमत झाली नाही.)

माझी खरी तक्रार भाड्याच्या रकमेबद्दल नाही, ती कळण्याच्या वेळेबद्दल आहे. माणूस अर्ज भरताना ठिकाण निवडतो. मग कुर्रा निघतो, नाव येते, मिठाई वाटली जाते, पहिला हप्ता भरला जातो. आणि अंतिम भाडे? ते यानंतर. २०२३ मध्ये ते मे महिन्यात, रवानगीच्या तोंडावर कळले. तोपर्यंत ठिकाण बदलायचे म्हटले तर दुसरीकडे जागा शिल्लक आहे का यावर सगळे अवलंबून. दुकानदार भाव न सांगता माल बांधून देतो आणि पैसे घेताना भाव सांगतो, असा हा प्रकार. साध्या व्यवहारात आपण याला गरर म्हणून नाजायज म्हणू.

म्हणून आपल्या आमदार-खासदारांकडे, आणि राज्य हज कमिटीकडेही, मागणी करताना "आम्हाला आमचे विमानतळ द्या" एवढ्यावर थांबू नये. विमानतळ मिळाले आणि भाडे ८८ हजारांनी जास्त आले तर ते मिळून न मिळाल्यासारखेच. मागणी अशी हवी: बोली आधी उघडा, ठिकाण नंतर विचारा. ते जमत नसेल तर भाडे जाहीर झाल्यावर ठिकाण बदलायला आठ दिवसांची मुदत द्या. तिसरा मार्ग म्हणजे राज्यातल्या तिन्ही ठिकाणांची बोली एकत्र काढून भाड्याची सरासरी लावा. मुंबईच्या हाजीला त्यात थोडे जास्त पडेल आणि त्याने का द्यावे हा प्रश्न तिकडचे लोक विचारतील. विचारू द्या, त्यांचाही तो हक्क आहे. मी स्वतः पहिल्या मागणीच्या बाजूने आहे, कारण तिच्यात कोणाच्याच खिशातून काही जात नाही.

सरकारला हे अशक्य नाही. हजच्या विमानावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के करण्याचा निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये झालाच ना? तोही मागून, निवेदने देऊनच झाला. आणि हा ५ टक्केही भाड्यावरच लागतो, म्हणजे महाग विमानतळाच्या हाजीला कर पण जास्त.

तोपर्यंत अर्ज भरणाऱ्यांनी एवढे करावे. पसंतीक्रम भरताना दोन्ही रकाने भरा, दुसरा रिकामा सोडू नका. मागच्या वर्षीच्या अंतिम रकमा हज कमिटीच्या परिपत्रकात मिळतात, त्या समोर ठेवून बसा. घरातल्या ज्यांना जायचे आहे त्यांना विचारा, ज्यांना सोडायला जायचे आहे त्यांना नंतर. आणि मुंबई ठरली तर रेल्वेचे आरक्षण तारीख कळताच करा, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत देवगिरीला जागा मिळत नाही.