इशारा आला म्हणजे लॅपटॉप बिघडला असं नाही

रात्रीचे साडेदहा वाजलेत. उद्या सकाळी मुलीला शाळेत प्रोजेक्ट द्यायचा आहे आणि नेमका आत्ताच लिनक्सवर चालणारा तुमचा जुना लॅपटॉप अपडेट होतोय. काळ्या खिडकीत एकाखाली एक ओळी धावू लागतात, ‘डब्ल्यू : पॉसिबल मिसिंग फर्मवेअर’ आणि शेवटी ‘मॉड्यूल आय९१५’. पोटात गोळा येतो ना?

नोएडात आमच्या शेजारच्या वहिनींच्या पोटातही आला होता. लॅपटॉप पुन्हा सुरू करायची कुणाची हिंमतच झाली नाही. लेक समोरच्या टॉवरमधल्या मैत्रिणीकडे गेली आणि मध्यरात्रीपर्यंत सगळा प्रोजेक्ट नव्याने टाइप करत बसली. दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराने स्क्रीनकडे नीट न बघताच सांगितलं, ‘ग्राफिक्स गेलंय, मदरबोर्ड बदलावा लागेल.’ वहिनी लॅपटॉप घेऊन परत आल्या. आम्ही तो सुरू केला, तर बिघाड काहीच नव्हता. मुलीची फाइलही जागच्या जागी होती.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर अनेक जण आता उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकतात. निर्णय चांगला आहे, पैसेही वाचतात. फक्त या इशाऱ्यांची भाषा समजून घ्यायला हवी.

हा इशारा येतो कुठून?

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. यंत्राचे भाग आणि आपले प्रोग्रॅम यांच्यातला हा मध्यस्थ. आय९१५ हे इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव आहे आणि फर्मवेअर म्हणजे तो ड्रायव्हर चिपला देतो त्या छोट्या फाइल्स. नवा कर्नल आला की संगणक सुरू होताना लागणाऱ्या गोष्टींचं एक गाठोडं नव्याने बांधलं जातं. त्या वेळी ड्रायव्हर आपली पूर्ण यादी पुढे करतो. त्यात तुमच्या चिपबरोबरच इतर अनेक, अगदी नव्याकोऱ्या चिप्सच्या फाइल्सही असतात.

समजा, कुणी अख्ख्या सोसायटीची औषधांची यादी घेऊन तुमचा औषधांचा डबा तपासला आणि म्हणालं, ‘थायरॉइडची गोळी दिसत नाही.’ घरात कुणाला थायरॉइडच नसेल, तर काय बिघडलं? म्हणूनच त्या ओळीत ‘पॉसिबल’, म्हणजे ‘कदाचित’, असं लिहिलेलं असतं. सुरुवातीचा ‘डब्ल्यू’ म्हणजे इशारा. चूक असती तर तिथे ‘ई’ दिसला असता.

मग काय करायचं?

* अपडेट पूर्ण होऊ द्या. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक वेळा नावापुरतीच असते. दिल्लीच्या उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे इन्व्हर्टरवर चालणाऱ्या प्लगलाच लॅपटॉप लावा.

* लॅपटॉप पुन्हा सुरू करा. अक्षरं नेहमीच्या आकाराची आहेत का, ब्राइटनेस कमी-जास्त होतो का, व्हिडिओ न अडकता चालतो का, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन उजळते का, हे बघा. सगळं ठीक असेल तर त्या ओळी विसरून जा.

* शंका उरली तर टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत द्या. ‘व्हीजीए’ असलेल्या ओळीत तुमची ग्राफिक्स चिप कळेल. मग ‘सुडो डीमेसेज’ या आज्ञेने सुरू होतानाच्या नोंदी बघा. तिथे आय९१५ च्या नावापुढे फर्मवेअर लोड न झाल्याचं लिहिलं असेल, तरच ती फाइल तुम्हाला खरोखर हवी आहे.

* ती फाइल कुठल्याही वेबसाइटवरून उतरवू नका. उबंटू आणि मिंटमध्ये ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अपडेट करा. डेबियन असेल तर २०२३ मधल्या डेबियन १२ पासून अशा फाइल्ससाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग आहे, तो सुरू आहे ना, ते तपासा.

एनव्हिडिया असेल तर

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर वापरत असाल, तर तो प्रत्येक नव्या कर्नलशी जुळवावा लागतो. बऱ्याचदा हे काम आपोआप होतं. कर्नलचं ‘हेडर्स’ पॅकेज नसेल, तर मात्र ते अडतं. सिक्युअर बूट चालू असेल, तर पुन्हा सुरू करताना निळ्या पडद्यावर ड्रायव्हरच्या सहीला मान्यता मागितली जाऊ शकते. घाईत तो पडदा ओलांडला की ड्रायव्हर चालत नाही आणि अक्षरं भलीमोठी दिसू लागतात.

स्क्रीन काळीच राहिली तर?

घाबरू नका, जुना कर्नल अजून घरातच आहे. लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केपचं बटण दाबा. यादीतून ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा आणि आधीचा कर्नल सुरू करा. तुमच्या फाइल्सना त्याने काहीही होत नाही. म्हणूनच नवा कर्नल आठवडाभर नीट चालल्याशिवाय जुना काढून टाकू नका.

आणि एक गोष्ट आजच करा. मुलांचे प्रोजेक्ट, आईबाबांचे जुने फोटो, बँकेची कागदपत्रं पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. नेहरू प्लेसला दुरुस्तीला जाण्याआधी आणि ‘सगळं पुसून नव्याने टाकतो’ या वाक्याला होकार देण्याआधी तर नक्कीच. लॅपटॉप दुसरा मिळतो, फोटो मिळत नाहीत.

वहिनींचा तोच लॅपटॉप अजून सुरू आहे. परवा अपडेटच्या वेळी त्या ओळी पुन्हा आल्या. या वेळी लेकीनेच आईला सांगितलं, ‘अगं, हा इशारा आहे, चूक नाही. चहा पिऊन ये, तोवर होईल.’