हुर्यो कुणाची?

मुंबई इंडियन्सचा २०२४ चा मोसम आमच्या क्रिकेटरसिकांनी अत्यंत आळसाने वाचला, असे आमचे स्पष्ट मत आहे. चौदा सामने, चार विजय, दहावा म्हणजे शेवटचा क्रमांक. संताप रास्तच! पण तो सारा हार्दिक पंड्याच्या माथी मारला गेला. १ एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीलाच त्याची हुर्यो उडाली; संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना 'नीट वागा' असे बजावावे लागले. गुन्हा कोणता? रोहित शर्माचे कर्णधारपद त्याला मिळाले आणि तो गुजरातच्या संघातून आला. आम्ही अच्छाडचे. आमच्या दारातला महामार्ग मुंबईहून अहमदाबादला जातो. सीमा ओलांडणाऱ्या ट्रकवाल्याला इथे कुणी गद्दार म्हणत नाही.

बरे, २०२२ चे काय? तेव्हा कर्णधार रोहितच होता. सुरुवातीलाच सलग आठ पराभव, अखेर तेच चार विजय, तोच दहावा क्रमांक. त्या मोसमात खेळणार नाही हे ठाऊक असलेल्या जोफ्रा आर्चरवर लिलावात आठ कोटी लावले, ते काय कर्णधाराने स्वतःच्या खिशातून? २०२१ पर्यंत मुंबईचाच असलेला ट्रेंट बोल्ट त्याच लिलावात राजस्थानकडे गेला. वर सांगितलेल्या १ एप्रिलच्या सामन्यात रोहितसह मुंबईचे पहिले तीन बळी त्यानेच घेतले, तिघेही शून्यावर. नाटक पडले की नटाला शिव्या आणि निर्माता विंगेत सुखरूप, हा आपला जुनाच रिवाज.

पुढे ४ जुलैला विश्वचषक घेऊन हार्दिक त्याच वानखेडेवर आला, तेव्हा त्याच्या नावाचा जयघोष झाला. असो.