किमान म्हणजे कोणाचे किमान?

महाविद्यालयाच्या डेडस्टॉक रजिस्टरात एखाद्या वस्तूसमोर 'निर्लेखित' असा शेरा पडला की ती वस्तू मरते. तिचे प्रेत मात्र जिन्याखाली आणखी पाच-सात वर्षे पडून राहते. आमच्या मराठी विभागाचा एक संगणक असाच मृत घोषित झाला. वास्तविक त्याला काहीही झालेले नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची डागडुजी थांबवली, आणि विंडोज ११ ज्यांना आपले म्हणते त्या यंत्रांच्या यादीत हा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर बसत नव्हता. पंखा फिरत होता, डिस्क शाबूत होती, चार जीबी रॅम होती. पण कुणीतरी दूरवर एक यादी केली आणि यंत्र कालबाह्य ठरले. साहित्याच्या माणसाला या प्रकारात नवे काही वाटू नये. अभ्यासक्रमातून पुस्तके अशीच जातात.

रीतसर अर्ज करून तो मी सुट्टीपुरता घरी आणला आणि त्याचे एक काम ठरवले: दूरदर्शनसंचाला जोडून चित्रपट दाखवणे. दुसरे काही नाही. 'साहित्यकृती आणि चित्रपट' हा विषय शिकवताना आम्ही आजवर जे करत आलो ते सांगण्यासारखे नाही. कुणाच्या तरी लॅपटॉपवर कुणाच्या तरी खात्यातून एखादी सशुल्क सेवा उघडायची. 'सिंहासन' मागच्या वर्षी जिथे होता तिथे या वर्षी असेलच याची खात्री नाही. असलाच तर मध्येच नेट जाते. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या १९७९ च्या एका चित्रपटात कशा सामावल्या हे दाखवायचे असेल, तर तो थांबवता, मागे नेता, पुन्हा पाहता आला पाहिजे. पुस्तकाच्या बाबतीत ही अपेक्षा आपण कधी बोलूनही दाखवत नाही, इतकी ती गृहीत असते.

माझे म्हणणे असे की, साहित्याच्या प्रत्येक विभागाने असे एक यंत्र स्वतः उभे करावे, आणि ते काम संगणकशास्त्राच्या सहकाऱ्यांवर ढकलू नये. पैसे वाचतात हे कारण खरे असले तरी दुय्यम आहे. मुख्य कारण पुढे येईल.

लिनक्सच्या जगात अशा यंत्रासाठी तयार मार्ग आहेत. कोडी नावाचा कार्यक्रम आहे. मूळचा तो एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी लिहिलेला, २०१४ पर्यंत एक्सबीएमसी या नावाने ओळखला जाणारा. त्याच्याभोवती बेतलेली लिब्रेइलेक ही अख्खी प्रणालीही २०१६ पासून आहे. ज्यांना दिवाणखान्यात पोस्टरांची सुबक मांडणी हवी त्यांनी खुशाल तिकडे जावे. मी डेबियन घेतले. १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेली ही प्रणाली प्रतिष्ठापित करताना एका टप्प्यावर विचारते, काय काय हवे? तिथे सजवलेल्या डेस्कटॉपसमोरची खूण काढून टाकली की उरते ती काळी पाटी आणि तिच्यावर लुकलुकणारी एक रेघ. खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, उंदीरही नाही. त्यावर एमपीव्ही हा एकच चित्रदर्शक चढवला. एमप्लेअरच्या घराण्यातला हा कार्यक्रम खिडक्यांच्या मांडणीशिवाय, थेट पडद्यावर चित्र उमटवू शकतो. ग्राफिक्स चिपकडून चित्र उलगडून घेण्यासाठी इंटेलचा एक छोटा चालक लागला. या पिढीची चिप जुन्या एच-२६४ पद्धतीचे चित्र सहज उलगडते. नव्या एचईव्हीसीचे ओझे मात्र प्रोसेसरवर पडते आणि फोर-के फाइल आली की तो धापा टाकतो. आम्हाला 'कुंकू' पाहायचा आहे. फोर-केचे आम्ही काय करणार?

चित्र पहिल्याच रात्री आले. आवाज आला नाही. आई म्हणाली, "अरे, ह्याला वाचा नाही का?" होती, पण यंत्र ती आपल्या पाठीमागच्या, जिथे काहीच जोडलेले नव्हते अशा छिद्रातून बाहेर सोडत होते, आणि एचडीएमआयच्या वाटेवरचा आवाज बंद करून ठेवलेला होता. अल्सामिक्सर नावाच्या पाटीवर जाऊन एक कळ दाबायची आणि आवाजाचे कोणते यंत्र मुख्य हे दोन ओळींत लिहून ठेवायचे, एवढेच काम. मला मात्र त्याला दोन संध्याकाळी लागल्या. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, आणि मराठी पडदा बोलू लागला तो १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'ने. त्या मानाने आमच्या दिवाणखान्याने बरीच घाई केली असे म्हणायला हरकत नाही. असो.

खरा धडा तिसऱ्या दिवशीचा. 'पथेर पांचाली'ला जोडण्यासाठी मी मराठी उपशीर्षकांची एक फाइल हाताने करून ठेवली होती, पहिल्या दहा मिनिटांपुरती. ती लावली, आणि पडद्याच्या तळाशी चौकोनांची रांग उभी राहिली. रिकामे चौकोन, एकामागून एक, अगदी वेळेवर येणारे आणि वेळेवर जाणारे. इंग्रजी उपशीर्षके लावली तर ती स्वच्छ दिसत होती. यंत्रात देवनागरीचा एकही टंक नव्हता. का नव्हता? कारण मी 'किमान' मागितले होते आणि यंत्राने मला किमान दिले होते.

इथे मी बराच वेळ थांबलो. किमान हा शब्द आपल्याला निष्पाप वाटतो: नको ते काढले की उरते ते किमान. परंतु काय नको हे आधी कुणीतरी ठरवलेले असते. या किमानात रोमन लिपी गृहीत आहे, जशी भिंत गृहीत असते. देवनागरी ही वरून आणायची वस्तू आहे. यात कुणाचा दुष्टावा नाही हे मी आवर्जून सांगतो. ज्यांनी ही प्रणाली रचली त्यांनी टंक नाकारला नव्हता, वेगळा बांधून फडताळात ठेवला होता. नाव टंकले आणि मिनिटभरात आला. त्या फडताळात लोहित नावाची टंकमालिका आहे. ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेली आणि रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली प्रसृत केलेली. म्हणजे चौकोनांच्या जागी जी अक्षरे उगवली त्यांचे मूळ माझ्या घरापासून फार लांब नव्हते. पण ती मागावी लागली. आणि मागायची असतात हे कळायला आधी चौकोन दिसावे लागले. तयार विकत घेतलेल्या संचात हा चौकोन कधी दिसत नाही. तिथे मराठी उपशीर्षके नसतात, एवढेच. अनुपस्थिती दिसण्याची सोयच तिथे नाही.

टंक आल्यानंतरही काम संपले नाही. जोडाक्षरे नीट जुळवणारी यंत्रणा उपशीर्षकांच्या कार्यक्रमात आहे, तरी 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला फरक मी मुद्दाम लिहून तपासला. तो अर्धचंद्रासारखा र मराठीची खास गरज आहे. तो नीट उमटला तेव्हा मला जे वाटले ते विभागाला अनुदान मिळाल्यावरही कधी वाटलेले नाही. एका जुन्या फाइलीत मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या टंकात होता, त्याचे काही झाले नाही. तो पुन्हा टंकावा लागला.

आता त्या दहा मिनिटांविषयी. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या कादंबरीवरचा सत्यजित राय यांचा १९५५ चा हा चित्रपट आम्ही वर्षानुवर्षे इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवत आलो. म्हणजे बंगालीतले घर आधी इंग्रजीत नेऊन मग मराठी मुलांपुढे उघडायचे. दुर्गा म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणला 'पिशी' म्हणते. इंग्रजीत तिची 'आंटी' होते. मावशी, काकू, मामी, शेजारीण, सगळ्या त्या एका शब्दात. मराठीत ती निःसंशय 'आत्या' आहे. आत्या म्हटल्याबरोबर त्या घरातले तिचे स्थान उघड होते: ती या घरचीच लेक आहे, म्हणून तिचा हक्क आहे, आणि भावाच्या संसारात परत आलेली आहे, म्हणून हक्क टिकत नाही. सर्वजयेच्या बाजूने पाहिले तर ती नणंद, 'वन्सं'. सर्वजयेच्या तुटकपणाला मग इंग्रजीत न दिसणारा एक जुना, ओळखीचा तळ सापडतो. आमच्याकडच्या कितीतरी ओव्या याच तळावर उभ्या आहेत.

पण 'दिदी'चे काय करायचे? अपू दुर्गेला जी हाक मारतो ती 'ताई' करावी असे वर्गातल्या निम्म्या मुलांचे म्हणणे पडले. उरलेल्यांना वाटले की, हाक कानाला ऐकू येते आहे, तर डोळ्यांना दुसरे का दाखवावे? मी स्वतः 'ताई'च्या बाजूचा होतो. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, हाक लिहायचीच कशाला? ती सगळ्यांना कळते." आम्ही ती ओळ काढून टाकली. दोन ओळी, एका ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरे, तीन-चार सेकंदांची मुदत: अनुवादाचा एवढा कडक वर्ग माझ्या हातून पूर्वी झालेला नाही. साधी मजकुराची फाइल, त्यात क्रमांक, वेळ, वाक्य आणि एक कोरी ओळ. हे करायला संगणकाचे ज्ञान लागत नाही, आणि कुणाच्या परवानगीची वाट पाहत थांबावे लागत नाही. मुख्य कारण म्हणालो ते हेच. ज्या यंत्रात आपण आपली ओळ घालू शकतो ते यंत्र वाचनाचे साधन होते. ज्यात घालू शकत नाही ते दुकान.

याच अंगाने त्या चित्रदर्शकाच्या कळांकडे पाहावे. पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एक चौकट पुढे सरकते, स्वल्पविरामाची दाबली की एक चौकट मागे. विरामचिन्हांची ही योजना कुणी साहित्यिकाने केली असावी असा मला संशय आहे. एल दाबून एखाद्या प्रसंगाचे दोन टोके बांधली की तेवढाच प्रसंग फिरत राहतो. निकटवाचन म्हणून आपण जे शिकवतो, त्याची सगळी अवजारे इथे बोटांखाली आहेत.

आक्षेप आहेत. पहिला, वेळेचा: चार संध्याकाळी यात गेल्या, आणि ज्याला नवे चित्रपट उत्तम प्रतीत पाहायचे आहेत त्याच्या हे उपयोगाचे नाही. नेटफ्लिक्स लिनक्सवरच्या ब्राउझरला फोर-के चित्र देत नाही, हे त्या भक्तांनी लपवू नये. 'लिनक्समध्ये सगळे होते' असे सांगणारा मनुष्य आणि 'मराठीत सगळे आहे' असे सांगणारा मनुष्य, दोघेही आपापल्या विषयाचे नुकसान करतात. दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो गंभीर आहे. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचा, तेव्हा 'कुंकू' (१९३७) किंवा 'पथेर पांचाली' यांची मुदत चित्रपट म्हणून संपलेली आहे. मात्र पटकथा आणि संगीत यांचे हिशेब स्वतंत्र असतात. डीव्हीडीवरचे कुलूप उघडणारा भाग डेबियन स्वतः वाटत नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५ अ कलम हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यासाठी शिक्षा सांगते. विभागाने विकत घेतलेल्या तबकड्या दाखवणे आणि कुठूनतरी उतरवून घेतलेले काहीही दाखवणे यांत मी फरक करतो. मुले तो करत नाहीत. त्यांच्याशी हा वाद चालू आहे आणि मी तो जिंकलेलो नाही.

आमच्या कपाटात दोन हजारच्या दशकातल्या मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी आहेत. ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे चित्र. मोठ्या पडद्यावर ते गोधडीसारखे दिसते. काहींचा थर उडू लागला आहे, दर वर्षी एखादी वाचली जात नाही. यंत्र आता सुट्टी संपवून विभागात परत गेले आहे. रजिस्टरात ते अजून मृतच आहे. कारकुनांनी विचारले तर 'तात्पुरता उपयोग' असे लिहायचे ठरले. शनिवारी आम्ही 'जैत रे जैत'ची तबकडी लावून पाहणार आहोत. चालली तर गो. नी. दांडेकरांची कादंबरी शेजारी ठेवून सुरुवातीचा भाग चौकट चौकट पाहायचा, नाही चालली तर दुसरी प्रत कुणाकडे आहे ते शोधायचे. कुणा वाचकाकडे असेल तर कळवावे.