नसलेल्या जागेला खाज

मंडळी, या वीकेंडला विषय जरा वेगळा आहे. "पोरा, तुला यातलं काय कळतं?" असं कुणी म्हणेलही, पण राहवत नाही म्हणून लिहितोय.

माझ्या मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. रिपोर्ट उत्तम. पण जो स्तन काढून टाकलाय, त्याला खाज सुटते म्हणते. दंडाच्या आतल्या बाजूला हात लावला तर कळत नाही, आणि मध्येच तिथेच करंट बसतो! तपासणीला गेलं की ठरलेलं उत्तर, "सगळं नॉर्मल आहे." मग ती गप्प. उगाच लोकांना वाटायचं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

आता यात डोकं फिरण्यासारखं काही नाही हो. काखेतल्या गाठी काढताना इंटरकोस्टोब्रेकियल नावाची नस बरेचदा कापली किंवा ताणली जाते. काखेची आणि दंडाच्या आतल्या भागाची जाणीव तीच वर पोचवते. म्हणून तिथे बधिरपणा. दुखावलेली नस मधूनच स्वतःहून सिग्नल सोडते, तो करंट. आणि स्तन गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा तसाच राहतो. सेन्सर काढला, ड्रायव्हर अनइन्स्टॉल व्हायचा राहिला! कापलेल्या हातापायांच्या अशा जाणिवांना सायलस वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरने १८७१ मध्येच 'फँटम लिंब' असं नाव दिलं होतं. शिवाय पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोने हातापायांना मुंग्या येतात, साधं बटण लावणं जड जातं, ते वेगळंच.

माझा आक्षेप त्या 'नॉर्मल' शब्दाला आहे. डॉक्टरांच्या लेखी त्याचा अर्थ, कॅन्सर परत आलेला नाही. पेशंट ऐकते ते असं, की आता तक्रार करायची नाही. उद्या हात सुजला, लाल झाला, ताप आला, नवीन गाठ लागली, तरी ती सांगेल का? हे तर लगेच दाखवायला हवं. बाकीच्या त्रासावरही औषधं आहेत, फिजिओथेरपी आहे, पण सांगितलं तर ना!

आम्ही फालतू सॉफ्टवेअरबरोबरसुद्धा 'नोन इश्यूज'ची यादी देतो राव. ऑपरेशनआधी हातात मराठीतला एक कागद द्यायला काय हरकत आहे? काय काय जाणवू शकेल, कशाला घाबरायचं नाही, कशासाठी लगेच यायचं. बस.

आणि आपण घरच्यांनी "रिपोर्ट काय आला?" याच्यापुढे अजून एक प्रश्न विचारायचा. "आणि तुला कसं वाटतंय?" उत्तर विचित्र आलं, तरी खरं मानायचं.