‘लेखा’ शोधले की ‘लेखापाल’ का सापडतो?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि गडचिरोलीचे ते छोटे गाव देशभर माहीत झाले. समजा, जिल्ह्याच्या शासकीय पत्रव्यवहारातून आपल्याला ‘लेखा’ हे गाव शोधून काढायचे आहे. साधा शोध लावला की लेखापाल, लेखाशीर्ष, लेखापरीक्षण असा ढीगच पुढ्यात येतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्याचीही हीच गत. तिथे मूल्यांकन आणि मूलभूत आडवे येतात.

यावर आपल्या प्रोग्रामरांपैकी बहुतेकांचे उत्तर तयार असते: शब्दसीमा लावा. पायथॉनच्या ‘री’ मॉड्यूलमध्ये ‘लेखा’च्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी लावून पाहा. सुटा ‘लेखा’ त्याला सापडत नाही, ‘लेखापाल’ मात्र सापडतो. हवे होते त्याच्या नेमके उलटे! या मॉड्यूलच्या हिशेबात काना, वेलांटी, उकार, हलंत ही चिन्हे शब्दाचा भागच नाहीत. ‘लेखा’ कान्यावर संपतो, पुढे मोकळी जागा असते. दोन्ही शब्दाबाहेरचे, म्हणून सीमा पडत नाही. ‘लेखापाल’मध्ये कान्यापुढे ‘प’ येतो आणि सीमा तिथे पडते. ‘मूल्य’मध्येही ‘ल’नंतर हलंत असल्याने ‘मूल’ हा पूर्ण शब्द धरला जातो. जावास्क्रिप्टची बॅकस्लॅश-बी तर फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोर ओळखते. पायथॉनचे वेगळे मिळणारे ‘रीजेक्स’ मॉड्यूल ही चिन्हे शब्दातच धरते. मराठी मजकुरासाठी तेच वापरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नूथ-मॉरिस-प्रॅट आणि बॉयर-मूर या दोन्ही पद्धती 1977 साली प्रसिद्ध झाल्या. लांब मजकुरात तुकडा झपाट्याने कसा शोधावा हा प्रश्न तेव्हापासून बराचसा सुटलेला आहे. पण कशाला ‘सारखे’ म्हणायचे, हे त्या पद्धती ठरवत नाहीत. ते आपण ठरवायचे असते, आणि मराठीत आपण ते फारसे ठरवतच नाही. ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ्या कुणी ‘ऱ’ला हलंत जोडून टंकतो, कुणी साध्या ‘र’ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, तुलनेत मात्र वेगळे ठरतात. ‘ॲम्ब्युलन्स’चा पहिला ‘ॲ’ एक स्वतंत्र संकेत असू शकतो किंवा ‘अ’वर वेगळी दिलेली अर्धचंद्राची खूण. तो स्वतंत्र संकेत युनिकोडमध्ये 2008 साली आला, त्यामुळे जुन्या नोंदींत दुसरे रूप भरपूर भेटते. युनिकोडचे ठरलेले प्रमाणीकरण या दोन्ही जोड्या एक करत नाही. बदलांचा तक्ता आपणच लिहायला हवा. त्यात आकडेही घ्या, कारण ‘१२’ आणि ‘12’ हे जमिनीच्या एकाच गटाचे क्रमांक असूनही साध्या शोधाला ते परके वाटतात.

याही पुढे लेखनाचे फरक आहेत. ब्रह्मपुरी की ब्रम्हपुरी, चंद्रपूर की चंद्रपुर? माडिया, गोंडी किंवा सिरोंचाकडची तेलुगू नावे मराठी कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली असतात. इथे अंदाजे जुळणारा शोध हवाच. पण अंदाजे जुळलेले नाव नेमके जुळल्यासारखे दाखवणे धोक्याचे आहे. ते वेगळे, ठळक दाखवा आणि निवड माणसावर सोपवा.

एक जुनी चूकही अजून दिसते. पायथॉनचे ‘फाइंड’ तुकडा अगदी आरंभी सापडला तर 0 देते, न सापडल्यास उणे 1. ते थेट ‘इफ’मध्ये टाकले की पहिले उत्तर खोटे आणि दुसरे खरे ठरते. फक्त आहे की नाही एवढेच विचारायचे असेल तर ‘इन’ पुरेसे आहे.

भामरागडहून जिल्ह्याच्या ठिकाणी आलेल्या माणसाला ‘नोंद सापडली नाही’ हे उत्तर मिळते, तेव्हा त्यामागे असा एखादा अदृश्य संकेतही असू शकतो. आपल्या व्यवसायाने हे त्याच्या माथी मारू नये. म्हणून वाचकांना विनंती: गडचिरोलीचे 12 आणि चंद्रपूरचे 15 तालुके, त्यांच्या प्रचलित सगळ्या लेखनांसह, आपल्या चाचण्यांत आजच घाला. ‘लेखा’ आणि ‘मूल’ यांवर ज्या प्रणालीचा शोध अडखळतो, ती मराठी नोंदींसाठी देऊ नका.