खरी असून तोतया?

बचत गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘अहो ताई, मला कुठं काय कळतंय! नाव माझं आहे इतकंच.’ असं म्हणणारी बाई पाच-सहा वर्षं गटाची अध्यक्ष असते. बायकांची बचत, अंतर्गत कर्ज, त्यावरचं व्याज, बँकेचा हप्ता, सगळा हिशेब तिच्या वहीत पैशापैशाला जुळलेला असतो. बँकेतले साहेब कौतुक करतात तेव्हा मात्र ही पदर सावरत म्हणते, ‘सगळ्यांच्या साथीनं झालं.’ ऐकणाऱ्याला तो विनय वाटतो. पण घरी गेल्यावर तिच्या मनात येतं, की आज निभावलं, उद्या कुणीतरी आपलं पितळ उघडं पाडणार. याला विनय कसं म्हणायचं? ही तर भीती झाली.

इंग्रजीत याला ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणतात. इम्पोस्टर म्हणजे तोतया. तोतया म्हटलं की आपल्याला आठवतो तो पानिपतानंतर ‘मीच सदाशिवरावभाऊ’ म्हणून उभा राहिलेला. गंमत बघा, तो खोटा असून छातीठोकपणे स्वतःला खरा म्हणवत होता, आणि आपल्या बायका खऱ्या असून स्वतःला खोट्या समजतात!

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी यावर पहिला लेख लिहिला. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवावर तो आधारलेला होता. पदव्या, नोकऱ्या, मानसन्मान सगळं असूनही त्यांना वाटे, की हे नशिबानं मिळालं किंवा निवडणाऱ्यांचीच काहीतरी चूक झाली. या दोघींनी त्याला आजार म्हटलं नव्हतं, ‘सिंड्रोम’ हा शब्द पुढे चिकटला. त्यांच्या लेखातली एक गोष्ट तर अगदी आपल्या घरातली वाटते. यातल्या काही जणींच्या घरी लहानपणीच एका भावंडाला ‘हुशार’ ठरवून टाकलेलं होतं, आणि हिच्या वाट्याला ‘प्रेमळ, मनमिळाऊ’ हे बिरुद आलं होतं. मग हिनं कितीही मार्क मिळवले तरी घरच्यांचं मत काही बदललं नाही. आपल्याकडे किती घरांत ‘दादा हुशार, ताई समजूतदार’ अशी वाटणी झालेली असते, आठवून पाहा.

पण सगळा दोष तिच्या मनावर आणि लहानपणावर टाकला की बाकीचे सुटतात, हे मला पटत नाही. पंचायतीचंच घ्या. १९९३ पासून महिलांना ३३ टक्के जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या ५० टक्के केल्या. निवडून आलेल्या बाईला पहिल्या दिवसापासून ऐकवतात, ‘आरक्षण होतं म्हणून बसलात.’ अहो, जागा राखीव होती, मतं थोडीच राखीव होती? समोर दुसरी बाई उभी असेल तर तिला हरवूनच ही आली ना? शिवाय खुर्चीशेजारी ‘सरपंचपती’ खुर्ची टाकून बसतात, अधिकारी त्यांच्याशीच बोलतात आणि सहीपुरता कागद तेवढा हिच्यापुढे सरकतो. वर्षभर असं चाललं तर कुणालाही आपण तोतया वाटू. २०२१ मध्ये रुचिका तुलशान आणि जोडी-ॲन बुरे या लेखिकांनी हाच मुद्दा नोकरीच्या जागांबद्दल मांडला होता. बाईला दुरुस्त करत बसण्यापेक्षा ती जिथं काम करते ती जागा दुरुस्त करा, असं त्यांचं म्हणणं.

ती जागा दुरुस्त होईल तेव्हा होईल, तोवर काय करायचं? क्लान्स आणि आइम्स यांनी अशा स्त्रियांना एकत्र बसवून बोलतं करायचा आग्रह धरला होता. आपली भीती आपल्याला खरी वाटते, पण तीच दुसरी बोलून दाखवते तेव्हा ‘काहीतरीच काय, तू तर किती छान काम करतेस!’ असं आपल्याच तोंडून निघतं. अशी बैठक आपल्याकडे दर महिन्याला होतेच. हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं यासाठी ठेवायची. कुणी कौतुक केलं तर ते वहीत लिहून ठेवावं, असंही त्या सांगत, आणि आपण ते कसं उडवून लावलं हेसुद्धा लिहायचं. चार पानं भरली की आपलं आपल्यालाच हसू येतं.

मात्र एक भेद करायला हवा. अंदाजपत्रक वाचता येत नसेल तर त्याला तोतयेपण म्हणू नये, ते शिकायचं राहिलेलं काम आहे. सदस्यांसाठी प्रशिक्षणं होतात, तिथं स्वतः जावं, मालकांना पाठवू नये. आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची कायद्यातच तरतूद आहे. बऱ्याच गावांत ती नुसत्या सह्यांवर उरकतात. ती खरोखर भरवायला लावा, आणि पहिला विषय वाचायला स्वतः उभ्या राहा. हातात कागद असला तरी चालतो.