उपग्रहाला भात दिसत नाही

आभाळातून काढलेले चित्र खोटे बोलत नाही, असे हल्ली शहाणीसुरती माणसेही सांगू लागली आहेत. पनवेल-उरणच्या खाडीकाठी जाऊन कुणी हे सांगून पाहावे!

नवी मुंबईसाठी १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. पहिला लँडसॅट उपग्रह वर गेला १९७२ साली. म्हणजे या शहराचे आणि या चित्रांचे वय जवळजवळ एकच. चित्रे ओळीने मांडली, की भातखाचरे आणि मिठागरे पुसली जाऊन रस्ते, इमारती, आणि आता विमानतळाची धावपट्टी उमटलेली दिसते. संशोधक त्याचे चौरस किलोमीटर मोजतात. मोजोत बिचारे, ते काम खोटे नाही.

परंतु वाचकहो, कोकणात भात वाढते केव्हा? आषाढ-श्रावणात. नेमकी तेव्हाच उपग्रहाच्या डोळ्यांवर ढगांची झापड असते. स्वच्छ चित्र मिळते ते दिवाळीनंतर. तोवर भात झोडून घरात आलेले असते आणि खाचर उघडे पडलेले. मग नकाशात रंग भरला जातो, ‘पडीक’! धुतलेले ताट पाहून या घरात चूल पेटतच नाही, असे म्हणण्यातलाच हा प्रकार. ढगांपलीकडे पाहणारे रडारचे उपग्रहही आहेत. त्यांची चित्रे शेजारी ठेवायला कुणाची हरकत आहे?

घराचेही तसेच. पहिल्या लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका सुमारे ८० मीटर औरसचौरस, म्हणजे दीड एकराहून अधिक. त्यात आगऱ्या-कोळ्याचे दोन खणांचे घर कुठून दिसणार? आज १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा ठिपका फुकट मिळतो; विकतच्या चित्रात तर पत्र्याची शेडही सुटत नाही. म्हणून बापाच्या घराला चित्राचा पुरावा नाही आणि लेकाने वाढवलेली खोली मात्र पुराव्यासकट सापडते. गावठाणाची हद्द जुनीच राहिली, कुटुंबे वाढली, हे चित्राला कोण सांगणार?

२०२४ साली अटल सेतू चिर्ल्यापर्यंत आला, आणि पेणकडची खाचरे शहराच्या नजरेत भरू लागली. तिथे तरी हे थांबवा. जमिनीचा निवाडा या चित्रांवरून करायचा असेल, तर ती आधी ग्रामसभेत भिंतीवर टांगा. शेजारी सातबारा ठेवा. खरिपाचे पीक त्यात लिहिलेले असते. भरतीचे पाणी कोणत्या बांधाने अडते, ते म्हाताऱ्यांना विचारा. आणि साहेब, याल ते श्रावणात या. तुमच्या नकाशातल्या ‘पडीक’ जमिनीत तेव्हा गुडघाभर चिखल असतो, बूट काढावे लागतील.